जुन्या बंदुका आणि रायफली: वय कसं ओळखायचं, मोल कसं ठरवायचं? ग्वाल्हेरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये शस्त्रं खाली उतरतात, पुसली जातात, पूजेला मांडली जातात. मग पुढे दिवाळीपर्यंत मला फोटो येत राहतात: "काका, ही किती जुनी असेल? हिचे किती येतील?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. इंदूर-बडोद्याच्या घरांनाही ती तशीच लागू पडतील. माझी पद्धत साधी आहे. बंदुकीच्या अंगावर जे कोरलंय आणि ठोकलंय ते आधी वाचायचं. घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट त्यानंतर ऐकायची आणि ती लिहूनही ठेवायची.

१. माळ्यावर जुनी बंदूक सापडली. सगळ्यात आधी काय करू?

ती भरलेली आहे असं समजूनच हात लावा. ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुका भरून ठेवायची पद्धत होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड माणसांकडे येऊ देऊ नका, घोडा ओढून पाहू नका.

तपासायची सोपी रीत अशी. एक सरळ लाकडी काठी घ्या, लोखंडी नको. तोंडासमोर न येता बाजूला उभं राहून ती हलक्या हाताने नळीत आत टेकेपर्यंत सोडा. नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचं टोक ठिणगी आत जायच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार-पाच बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे: कदाचित दारू-गोळी, कदाचित गांधीलमाशीचं घर. दोन्ही बाबतींत स्वतः काढायला जाऊ नका. पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक बंदूकवाल्याला कळवा, त्यांना घरी बोलवा. पिशवीत घालून महाराज बाड्यावरच्या गर्दीतून दुकानात नेणं धोक्याचं आहे आणि बेकायदाही (प्रश्न १० पाहा).

२. रायफल आणि बंदूक यात फरक काय? आम्ही तर सगळ्यांनाच बंदूक म्हणतो.

नळीच्या आत पाहा (प्रश्न १ मधली तपासणी झाल्यावरच). आत पिळदार आटे असतील तर रायफल, आतून गुळगुळीत असेल तर साधी बंदूक. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. वय ठरवताना हा फरक फार कामाचा आहे, कारण बाहेरून हुबेहूब रायफल दिसणारी पण आतून गुळगुळीत अशी फौजी बंदूक हिंदुस्थानात पुष्कळ वाटली गेली (प्रश्न ६).

३. वय वाचायला सुरुवात कुठून करायची?

आधी आग लावायची तऱ्हा बघा. जळता तोडा (वात) लावायची, चकमकीची, घोडा आपटला की पेटणाऱ्या तांब्याच्या टोपीची, आणि मागून काडतूस घालायची, हा ढोबळ क्रम आहे. युरोपी फौजी हत्यारांत चकमक १८४० च्या आसपास मागे पडून टोपी आली आणि १८६० च्या दशकात मागून भरायची पद्धत रुळली. देशी बंदुकांना मात्र हा क्रम लागू करू नका (प्रश्न ५).

नंतर घोड्याच्या बाजूची लोखंडी पट्टी, म्हणजे लॉकप्लेट, भिंग घेऊन वाचा. मुकुट आणि त्याखालची अक्षरं राजा सांगतात. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी.आर. मात्र फसवं आहे, कारण जॉर्ज पुष्कळ झाले. चकमकीच्या बंदुकीवर जी.आर. असेल तर पहिल्या चार जॉर्जपैकी, बहुधा तिसरा किंवा चौथा, म्हणजे १८३० च्या आधीचा काळ. बोल्टच्या (दांडी मागे ओढून काडतूस भरायच्या) रायफलीवर असेल तर १९१० नंतरचा.

मग प्रूफचे शिक्के. इंग्लंडात नळीची जादा दारू घालून चाचणी झाली की शिक्का बसायचा. लंडनचं प्रूफ हाउस १६३७ च्या सनदेपासूनचं, बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्यातून झालेलं. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का असेल तर ती चाचणी १८१३ च्या आधीची नाही, इतकं नक्की. 'नायट्रो प्रूफ' हे शब्द असतील तर ती चाचणी १८९६ नंतरची. लंबगोलात ई.एल.जी. अशी अक्षरं म्हणजे बेल्जियमचं लिएज शहर, आणि त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची.

हे शिक्के बहुतेक वेळा नळीच्या खालच्या बाजूला, लाकडाखाली दडलेले असतात. ते बघायचे म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात, आजचं हत्यार त्यात बसत नाही. खाच फाटली की ती कायमची फाटली, आणि जाणत्याच्या नजरेला ते पहिल्यांदा दिसतं.

४. लॉकप्लेटवर १८५६ साल स्वच्छ लिहिलंय. मग बंदूक १८५६ चीच ना?

लॉकप्लेट १८५६ ची. पूर्ण बंदुकीबद्दल ते साल इतकंच सांगतं की ती त्याआधीची नाही.

स्नायडर रायफलीत हा घोळ सर्वांत जास्त होतो. १८६६ पासून इंग्रजांनी जुन्या ठासणीच्या एनफिल्ड रायफलींचं बूड कापून तिथे बाजूला उघडणारं झाकण बसवलं आणि ती काडतुसाची केली. लॉक जुनंच राहिलं, त्यावरचं सालही जुनंच राहिलं. म्हणून १८५६ लिहिलेली स्नायडर प्रत्यक्षात दहा-बारा वर्षांनी तशी झालेली असू शकते. झाकणावर तीनचा रोमन आकडा असेल तर ती मार्क तीन (म्हणजे तिसरी सुधारित आवृत्ती), आणि त्या बहुतांशी नव्याने घडवलेल्या.

दुसरं रूपांतर चकमकीचं टोपीत केलेलं. इथे लॉकप्लेटवर बुजवलेली भोकं शोधा. पूर्वी पोलादी झाकण आणि त्याची स्प्रिंग जिथे स्क्रूने बसवलेली होती, तिथे लोखंडाचे गोल ठिपके दिसतात. उन्हात पट्टी तिरकी धरली की ते ठिपके रंगाने वेगळे उमटतात. ते दिसले की समजायचं, हिची दोन आयुष्यं झाली आहेत. वहीत दोन्ही लिहा: "लॉक अमुक काळातलं, टोपीचं रूपांतर १८४० नंतरचं."

५. आमच्याकडे तोड्याची बंदूक आहे. पेशवाईतली म्हणावी का? आणि नळीवर देवनागरीत १९४२ कोरलंय ते कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात माणसं हमखास गोंधळतात. तो १९४२ इसवी सन नाही, विक्रम संवत असणार. त्यातून ५७ वजा करा, १८८५ येतं (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत असेल तर १८८६). ग्वाल्हेर संस्थानच्या कागदांत संवत चालायचं, त्यामुळे इथल्या वस्तूंवर आधी संवतच धरून पाहायचं. शक असेल तर ७८ मिळवा. मराठी दफ्तराच्या वळणाचा सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा. हिजरीला सरळ बेरीज चालत नाही, कारण ते वर्ष छोटं असतं. आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळपास पोचता; हिजरी १२११ म्हणजे १७९६-९७. कोणता सन आहे ते लिपीवरून, भाषेवरून आणि बंदुकीच्या घडणीवरून ठरवायचं. उत्तर अशक्य आलं तर सन चुकीचा धरला आहे.

आता पेशवाईबद्दल. तोड्याची बंदूक आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात बरीच पुढेपर्यंत बनत आणि वापरात होती. गावातला लोहार ती दुरुस्त करू शकायचा, चकमकीचा दगड लागायचा नाही, आणि लांब जड नळीचा नेम चांगला बसायचा. त्यामुळे "तोडा आहे म्हणजे जुनी" हे खरं नाही. शिवाय चांगली नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकायची आणि दस्ता मोडला की नवा बसायचा. नळी अठराव्या शतकातली आणि लाकूड त्यानंतर शंभर वर्षांनी बसवलेलं, हे अगदी नेहमीचं. नळी आणि लाकूड दोन वेगळ्या वस्तू समजून तपासा. लाकडाच्या खोबणीत नळी घट्ट बसते का, जुन्या तारांच्या किंवा पट्ट्यांच्या खुणा आजच्या पट्ट्यांशी जुळतात का, हे बघा.

ग्वाल्हेरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी, तिचा युरोपी सेनापती द बॉयन याच्या काळात, आग्र्याला कारखाना होता. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा ओतायचा आणि युरोपी धाटणीच्या चकमकीच्या बंदुका तयार करून घ्यायचा. म्हणून इथल्या घरात विलायती वळणाची पण विलायती शिक्के नसलेली चकमकीची बंदूक निघाली, तर तिला "नक्कल" म्हणून बाजूला टाकू नका. ती नीट अभ्यासण्यासारखी वस्तू आहे.

६. लॉकवर 'टॉवर' लिहिलंय. १८५७ च्या बंडातली असेल का?

टॉवर म्हणजे लंडनच्या किल्ल्यातलं सरकारी शस्त्रागार. तो शब्द अठराव्या शतकापासून १८६० च्या दशकापर्यंत हजारो हत्यारांवर पडला. एकट्या त्या शब्दावरून १८५७ ठरत नाही.

तीन कड्यांची, .५७७ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप, इथे इंचांत), टोपीची रायफल असेल तर ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. चरबीच्या काडतुसांचा भडका तिच्यावरूनच उडाला, म्हणून प्रत्येकाला आपली बंदूक तीच असावीशी वाटते. पण ती तेव्हा नुकती येत होती. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे शिपायांच्या तुकड्या बोलावून शिकवणं चाललं होतं, आणि बहुतेक शिपायांच्या हातात अजून जुनी गुळगुळीत नळीची बंदूकच होती. म्हणजे मुरारच्या छावणीतल्या ग्वाल्हेर कंटिंजंटशी (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेशी) नातं सांगणाऱ्या घरात साधी गुळगुळीत बंदूक निघाली तर निराश व्हायचं कारण नाही. त्या काळाला तीच जास्त शोभते.

आता प्रश्न २ मध्ये म्हटलेला अपवाद. बंडानंतर देशी पलटणींना आट्यांची रायफल द्यायची नाही असं इंग्रजांनी ठरवलं. १८५८ च्या नमुन्याची बंदूक बाहेरून एनफिल्डच, पण नळी आतून गुळगुळीत आणि .६५६ पर्यंत रुंद केलेली, मागची साइटही (नेम धरायची खूण) साधी, न हलणारी. तिला "आटे झिजलेली एनफिल्ड" म्हणून कमी लेखलं जातं. आटे झिजलेले नाहीत, ते मुद्दाम दिलेले नाहीत. एका सत्तेचा आपल्याच फौजेवरचा अविश्वास त्या नळीत उतरला आहे, आणि मला ती एनफिल्डपेक्षा मोलाची वाटते.

कंपनी सरकारच्या हत्यारांवर आणखी एक खूण असते. साधारण १८०८ पर्यंत चार भाग केलेलं, पत्त्यांतल्या बदामासारखं हृदयाच्या आकाराचं चिन्ह आणि आत कंपनीची अक्षरं, त्यानंतर मागच्या पायांवर उभा सिंह. सिंह दिसला की "टिपूचा वाघ" म्हणणारे भेटतात. तो कंपनीचा सिंह आहे.

७. मार्टिनी-हेन्रीवर (इंग्रज फौजेच्या मागून भरायच्या रायफलीवर) मुकुट, व्ही.आर. आणि १९०५ साल आहे. बरोबर आहे का?

नाही. राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली. १९०५ सालचं सरकारी हत्यार एडवर्डच्या नावाचं असायला हवं. ही सरहद्दीकडची, खैबर खिंडीच्या भागातली घडवणूक असण्याची दाट शक्यता आहे. तिथले कारागीर अस्सल रायफल समोर ठेवून अक्षरांसकट उतरवायचे. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे एन अक्षर उलटं पडतं, एनफिल्डचं स्पेलिंग चुकतं, आकडे एका रेषेत राहत नाहीत. कारखान्याचा शिक्का एका ठोक्यात खोल आणि सारखा बसतो. हातचं अक्षर छिन्नीच्या तुकड्या-तुकड्यांनी झालेलं असतं, भिंगाखाली ते स्वच्छ दिसतं.

अस्सल मार्टिनी १८७१ ला फौजेत आली. मार्क दोन १८७७, मार्क तीन १८७९, मार्क चार १८८८. ही माहिती उजव्या बाजूला मुकुटाखाली ओळीने असते: राणीची अक्षरं, कारखाना, साल, मार्क. सरहद्दीची नक्कल ही संग्राहकांच्या दृष्टीने स्वतंत्र जातीची वस्तू आहे, तिलाही चाहते आहेत. पण तिचं पोलाद भरवशाचं नसतं. ती कधीही, कोणत्याही कारणाने उडवू नये.

८. ली-एनफिल्ड .३०३ आहे, बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. अँटिक म्हणता येईल?

वय बहुधा सहज निघतं: दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी कड्यावर मुकुट, अक्षरं, कारखाना, साल आणि मार्क लिहिलेलं असतं. शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड १९०३ ची, तिचा मार्क तीन १९०७ चा. ईशापूरच्या रायफलींवर जी.आर.आय. (राजा आणि सम्राट जॉर्ज) आणि मुकुट असेल तर ती ब्रिटिश अमदानीच्या छापाची. मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले की स्वातंत्र्यानंतरची.

मूल्याची गोष्ट मात्र वेगळी. .३०३ हा फौजी बोअर असल्यामुळे आपल्या शस्त्र नियमांत तो प्रतिबंधित वर्गात येतो. सामान्य परवान्यावर ती खरेदी-विक्रीला येत नाही, त्यामुळे बाजारभाव विचारण्यातच अर्थ नाही. ईशापूरच्याच .४१० मस्केटलाही तेच लागू आहे. कागद नसतील तर थेट प्रश्न १० वर जा.

९. आजोबांची शिकारीची दुनळी रायफल आहे, विलायती कंपनीची. वय आणि अस्सलपणा कसा तपासायचा?

संस्थानी घरांत खरं धन असतं ते इथे. फसगतही इथेच सर्वांत जास्त होते.

नळ्यांमधल्या पट्टीवर नाव आणि पत्ता असतो. पत्ता काळ सांगतो. हॉलंड अँड हॉलंडचा '९८ न्यू बाँड स्ट्रीट' हा पत्ता १८६६ ते १९६० चा, आणि कंपनीचं हे जोडनाव १८७६ पासूनचं. त्यांच्या रायफलींवर फील्ड नियतकालिकाच्या सगळ्या रायफल चाचण्या जिंकल्याचा मजकूर असतो. त्या चाचण्या १८८३ च्या, म्हणजे तो मजकूर त्यानंतरचा. पर्डी कंपनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटला १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली.

पत्ता कलकत्त्याचा असेल, म्हणजे मँटन अँड कंपनी, आर. बी. रोडा, लायन अँड लायन, तर ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं नाव आहे. घडवणारा बर्मिंगहॅमचा एखादा कारागीर असू शकतो, आणि तो प्रूफच्या शिक्क्यांजवळच्या बारीक अक्षरांतून सापडतो. (हीच ती रोडा कंपनी, जिची माउझर पिस्तुलं ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्यात क्रांतिकारकांनी पळवली.)

मग काडतूस बघा, कारण कोणतीही रायफल आपल्या काडतुसाच्या जन्माआधीची असू शकत नाही. बोअर बहुधा नळीवर लिहिलेला असतो. .३७५ मॅग्नम १९१२ चं, .४१६ रिग्बी १९११ चं. आपल्याकडचा खास धागा .४५० चा आहे. मार्टिनीचं .४५० काडतूस बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात त्या बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. मग विलायती कंपन्यांनी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकांसाठी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे बोअर काढले. घरातल्या दुनळीवर .४६५ असेल तर ती १९०७ किंवा त्यानंतरची. "पणजोबांनी १८९५ ला मागवली" ही गोष्ट तिथेच थांबते. उलट .४५० ची दुनळी बहुधा बंदीच्या आधी इथे आलेली.

खोट्या नावांपासून सावध राहा. बेल्जियममध्ये 'डब्ल्यू. रिचर्ड्‌स' नावाने बंदुका निघायच्या, घाईत वाचणाऱ्याला वेस्टली रिचर्ड्‌स वाटावं म्हणून. नाव इंग्लिश आणि शिक्का ई.एल.जी. असा मेळ दिसला की शंका घ्या. लंडनच्या जोसेफ मँटनच्या नावाचंही तसंच; तो १८३५ ला वारला, आणि त्याच्या नावाच्या बनावट नोंदी नळ्यांवर मुबलक सापडतात.

शेवटचा आणि सर्वांत पक्का पुरावा कंपनीच्या वहीत असतो. हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्‌स यांच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत. नंबर कळवला तर कोणत्या वर्षी, कोणासाठी, कोणत्या बोअरची घडली ते शुल्क घेऊन लेखी मिळू शकतं. त्या वहीत शिंदे दरबाराचं किंवा तुमच्या घराण्याचं नाव निघालं तर त्या एका कागदाने मोल बदलतं. मूळ पेटी, आतलं लेबल, गज, तेलाची बाटली हे सगळं सोबत ठेवा. पेटी मोडकी असली तरी फेकू नका.

१०. परवाना लागतो का? संस्थानच्या काळात आजोबांना लागत नव्हता.

संस्थानची सनद आज परवाना म्हणून चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे चालू शकणारी, किंवा दुरुस्त करून चालू होणारी बंदूक ठेवायला परवाना हवा, मग ती ठासणीची का असेना. कलम ४५ मध्ये एक सूट आहे: कालबाह्य घडणीचं, पुरावस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कायदा लागू नाही. लोक "पुरावस्तू" एवढंच वाचतात आणि निर्धास्त होतात. "दुरुस्त करूनही वापरता येणार नाही" ही अट सोबत आहे. आपली बंदूक त्यात बसते हे स्वतः ठरवू नका, कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेकडून लेखी घ्या. आणि त्या सुटीसाठी नळीत शिसं ओतू नका, भोक पाडू नका. वस्तू कायमची बिघडते.

परवानाधारक वारला असेल तर वारसाने लगेच कळवायचं आणि हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यायची. २०१६ च्या नियमांत वारसांना परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतही वारस नेमता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेली त्यातच मोजून.

जमा करताना प्रत्येक हत्याराचे फोटो, नंबर आणि अवस्था पावतीवर लिहून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर वस्तू ओळखायला तेवढाच आधार असतो.

११. मग किंमत कशी ठरते? आकडा सांगा ना.

आकडा मी फोटोवरून सांगत नाही, आणि जो लगेच सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. किंमत कशाने वर-खाली होते ते सांगतो.

सर्वांत वर मूळपणा: सगळे भाग जन्मापासून एकत्र आहेत का. ली-एनफिल्डवर नळी, बोल्ट, लाकडाच्या पुढच्या टोकाची लोखंडी टोपी आणि साइट यांचे नंबर जुळायला हवेत. त्यानंतर अवस्था, म्हणजे शिक्क्यांची धार, लाकडाच्या कडा, नळीच्या आतला भाग. त्यानंतर कोणी घडवली आणि कोणाची होती. दुर्मिळता मी शेवटी ठेवतो, कारण घरात एकच असणं आणि जगात थोड्या असणं यात फार अंतर आहे. २००३ च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून ब्राउन बेस (इंग्रजांची चकमकीची फौजी बंदूक), स्नायडर आणि मार्टिनी मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या. त्यामुळे साध्या अवस्थेतली फौजी मार्टिनी तिकडे दुर्मिळ राहिली नाही.

फौजी रायफल कापून शिकारीसाठी आखूड केलेली असेल तर संग्राहक-मूल्य बरंच उतरतं. अपवाद आहे: ते काम जुन्या नामांकित कारागिराने, त्या काळातच केलेलं असेल, तर तो इतिहासाचाच भाग.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: बोनहॅम्स किंवा क्रिस्टीजच्या लिलावातला पौंडांतला आकडा रुपयांत मांडून ती आपली किंमत समजू नका. तो भाव तिथल्या गिऱ्हाइकाचा आहे, आणि तुमची वस्तू तिथे जाऊ शकत नाही (प्रश्न १४). इथे घेणारा परवानाधारकच हवा, त्याच्या दोन हत्यारांत जागा हवी, बोअर प्रतिबंधित नको. गिऱ्हाईक थोडं, म्हणून भावही वेगळा. लिलावाचे जुने निकाल जरूर पाहा, पण दोन वस्तूंत कोणती वरची हे शिकण्यासाठी.

१२. विकण्याआधी पॉलिश करून चकचकीत केली तर जास्त येतील ना?

कमी येतील, पुष्कळ कमी. बफिंगच्या चाकाखाली शिक्के पुसट होतात, कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात. जुनं तपकिरी अंग ही घाण नाही, ते वय आहे. पॉलिश पेपर, इमरी, पितळेची पावडर, लाकडावर चमकदार वॉर्निश, यातलं काही नको. मऊ सुती कापडावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब, एवढंच. लाल गंज वाढत असेल तर तेल लावून एक रात्र ठेवा आणि कापडानेच पुसा.

पूजेबद्दल: ओलं कुंकू आणि हळद लोखंडावर राहिली की पहिल्यांदा तिथेच गंज धरतो. कित्येक लॉकप्लेटवर नेमकं सालाच्या जागी टिळ्याच्या आकाराचा खड्डा पडलेला असतो, कारण पट्टीवर टिळा लावायला तीच सपाट जागा. पूजा अवश्य करा. टिळा खाली अंथरलेल्या वस्त्राला लावा, फूल दस्त्याजवळ ठेवा, आणि संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून तेलाचा हात फिरवा. ठेवताना चामड्याच्या किंवा लोकरीच्या खोळीत ठेवू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत लाकूड तडकतं, तेव्हा वरच्या मजल्यावरही नको.

१३. "महाराजांनी बक्षीस दिली" असं घरात सांगतात. याने किंमत वाढते?

पुरावा असेल तर खूप वाढते. टिपू सुलतानाच्या शस्त्रांचा संग्रह २०१५ साली लंडनला विकला गेला तेव्हा एकूण रक्कम साठ लाख पौंडांच्या घरात गेली. ती शस्त्रं कारागिरीने अप्रतिम होतीच, पण त्यांच्या अंगावरच टिपूच्या कारखान्याच्या खुणा आणि लेख होते. नुसत्या सांगण्याने ते झालं नसतं.

तुमच्याकडे काय असू शकतं? दस्त्यावर चांदीची पाटी, शिंद्यांच्या चिन्हातले नाग आणि सूर्य, दरबाराचं पत्र, जुन्या परवान्यावर लिहिलेला नंबर, शिकारीचा फोटो ज्यात तीच रायफल ओळखू येते. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून ती हकिकत त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. तारीख घाला, सही घ्या. आत्याबाई किंवा मोठ्या काकू यांना जे आठवतं ते पुष्कळदा पुरुषमंडळींना माहीत नसतं, कारण वस्तू कोणत्या कपाटात, कोणाच्या लग्नाच्या वेळी हलली हे त्यांनीच पाहिलेलं असतं. पण प्रश्न ३ आणि ९ मधल्या खुणांशी ती हकिकत ताडून पाहा. जुळली नाही तर हकिकत फाडू नका, "बंदूक नंतरची दिसते" अशी टीप खाली लिहा. मूळ बंदूक वेगळी असेल, तीही कधी सापडेल.

१४. मुलगा परदेशात आहे. तिकडे नेऊन विकता येईल?

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. विमानाच्या सामानातून, सुटे भाग करून, "सजावटीची वस्तू" म्हणून, कशीही नाही. शंभराच्या आतली असली तरी ती हत्यार आहेच, प्रश्न १० चा कायदा सुटत नाही.

देशात परवानाधारकाला विकायची असेल तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. विकायची नसेल आणि ठेवायलाही जमत नसेल तर संग्रहालयाला देण्याचा विचार करा. ज्या मातीत ती वापरली गेली तिथे ती राहिली तर पुढच्या अभ्यासकाला सापडेल.

१५. नंबर पुसट झालाय किंवा कोणीतरी घासलाय. नवा ठोकून घेऊ का?

अजिबात नाही. नंबर, नाव किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं, खोटी ठोकणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि ओळखीची खूण नसलेलं हत्यार विकताही येत नाही. नंबर कुठे दिसत नसेल तर तो दुसरीकडे असू शकतो: नळीच्या खाली, चापाच्या कडीच्या शेपटीवर, पुढच्या लाकडाच्या आत. गंजाने पुसट असेल तर खडूची पूड बोटाने हलकेच चोळून तिरका उजेड टाका, पुष्कळदा आकडे उमटतात. जुन्या देशी ठासणीच्या बंदुकांवर मुळातच नंबर नसतो. तसं असेल तर शस्त्र शाखेला तसंच सांगा.

१६. बंदूक कधीच गेली, ट्रंकेत फक्त एक सुटं लॉक आणि गज उरलाय. भंगारात देऊ?

देऊ नका. एक तर कायद्याच्या व्याख्येत हत्याराचे भागही हत्यारात येतात, म्हणून भंगारवाल्याकडे टाकणं योग्य नाही. दुसरं, प्रश्न ४ मधली रूपांतरं आठवा: दुरुस्तीच्या वेळी मूळ लॉक काढून घरात ठेवलेलं असतं आणि बंदूक भाऊबंदकीत दुसऱ्या वाड्यात गेलेली असते. इंदूर किंवा बडोद्याच्या चुलत घरी भलत्याच लॉकची एखादी बंदूक आहे का, ते आधी विचारा. लॉक कागदात गुंडाळून ठेवा, कागदावर कुठे सापडलं ते लिहा, आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. आतली बाजू जास्त महत्त्वाची, घडवणाऱ्याची अक्षरं बहुधा तिकडेच असतात.